अलकाचं गाणं, स्पेसर आणि जुन्या गोव्यातलं एक दार

आमच्या घरात अल्काझार हा शब्द पहिल्यांदा आला तो एका सीडीवर, काळ्या मार्करनं लिहिलेला. २००२ असेल नाहीतर २००३, दादाचा साउंडचा धंदा नुकताच सुरू झालेला, दोन बॉक्स, एक ॲम्प्लिफायर आणि मित्राकडून घेतलेला मिक्सर एवढ्यावर तो फोंड्यापासून डिचोलीपर्यंत लग्नाची रिसेप्शनं, वाढदिवस, नाटकाच्या आधीची गाणी सगळं करायचा. पणजीतल्या एका ओळखीच्याकडून गाणी राईट करून आणायचा आणि मराठी शाळेतला असल्यामुळे सीडीवर नावं पण देवनागरीतच टाकायचा. त्या सीडीवर लिहिलेलं, अलका झर. मध्ये थोडी जागा सुटलेली. आजी रोज चष्मा लावून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी, तिनं ते वाचलं आणि तिच्यासाठी ती गाणी कायमची अलकाची झाली. दुपारी बॉक्स टेस्ट करायला दादानं काही लावलं नाही की आतून आवाज यायचा, "रे, तें अलकाचें गाणें लाय मरे."

तर अलकाचं गाणं म्हणजे क्रायिंग ॲट द डिस्कोटेक. अल्काझार हा स्वीडनचा ग्रुप, आंद्रेआस लुंडस्टेट, टेस मर्केल आणि आनिकाफियोरे असे तिघं, २००० साली कसिनो नावाचा अल्बम आला आणि त्यातलं हे गाणं युरोपभर वाजलं. नंतर २००२ मध्ये मॅग्नस कार्लसन आला, मग आनिकाफियोरे गेली आणि लीना हेडलुंड आली. युरोव्हिजन म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा, स्वीडनमध्ये तिला कोणतं गाणं पाठवायचं हे ठरवायची जी स्पर्धा असते, मेलोडीफेस्टिव्हालेन, त्यात हे लोक २००३, २००५, २००९, २०१०, २०१४ असे परत परत उतरले. २०११ ला थांबले, परत एकत्र आले, २०१८ ला पुन्हा थांबले. चमकणारे कपडे, एका ओळीत हात वर, सगळं आनंदी, आणि गाणं ऐकलं तर डिस्कोत रडण्याचं. मला हे कॉम्बिनेशन फार आवडतं, आपल्याकडे नाही का लग्नाच्या मांडवात सनई वाजत असते आणि मुलीकडची माणसं डोळे पुसत असतात.

पण मला लिहायचंय ते गाण्याच्या खाली जे वाजतं त्याबद्दल. ती गिटार आणि तो पियानो, ज्याच्यावर अख्खं गाणं उभं आहे, ते अल्काझारचं नाहीच. ते १९७९ सालच्या स्पेसर नावाच्या गाण्यातलं सॅम्पल आहे, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगमधून उचललेला तुकडा, गायिका फ्रान्सची शैला, आणि लिहिलेलं अमेरिकेच्या शिक बँडच्या नाईल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स या दोघांनी. एडवर्ड्स १९९६ मध्ये टोकियोत वारला. म्हणजे हे नवीन गाणं आलं तेव्हा तो नव्हता, पण गाण्याच्या लेखकांत त्याचं नाव आहे. दुसऱ्याचं घेतलं, उघड घेतलं, नाव लावलं आणि त्यावर आपलं बांधलं. पुढे २००४ मध्ये धिस इज द वर्ल्ड वी लिव्ह इन हे गाणं केलं तेव्हा तर दोन जुनी गाणी एकत्र केली, जेनेसिसचं एक आणि डायना रॉसचं अपसाइड डाऊन, ते पण मूळ रॉजर्स-एडवर्ड्स यांचंच. काही लोक याला चोरी म्हणतात, मला तसं कधीच वाटलं नाही आणि का वाटलं नाही ते पुढे येईल.

स्पेसर हा शब्द वाचला तेव्हा मी दुकानात बसलो होतो आणि समोरच्या डब्यात स्पेसरच होते. आमचं टाईल्सचं दुकान, बाबांनी काढलेलं, बाबा आधी स्वतः मोझाईक घालायचे. स्पेसर म्हणजे प्लास्टिकचा छोटा क्रॉस, दोन टाईल्सच्या मध्ये ठेवायचा, दोन एमएम, तीन एमएम, म्हणजे सांधा सगळीकडे सारखा येतो, मग तो काढून ग्राउट, म्हणजे सांध्याचा मसाला, भरायचा. गाण्यातला स्पेसर अंतराळात फिरणारा माणूस, त्याचा टाईलशी काही संबंध नाही, पण त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं आणि मी सहज ग्रुपच्या नावाचा अर्थ शोधायला गेलो आणि बघतो तर समोर टाईल्सच टाईल्स. भिंतीच्या भिंती. हिरव्या, निळ्या, मधाच्या रंगाच्या, तारे, तारे आणि ताऱ्यांच्या मधून आणखी तारे. ते होतं सेव्हियाचं अल्काझार. स्पेनमधला राजवाडा.

शब्दाची गोष्ट अशी की अरबीत कस्र म्हणजे महाल, किल्ला, आणि अल म्हणजे ते एक ठरावीक. अल-कस्र. स्पॅनिश लोकांनी अल सकट शब्द उचलला आणि अल्काझार केला, पोर्तुगीजांनी आल्कासेर केला. पण कस्र पण मूळ अरबी नाही, तो लॅटिनच्या कास्त्रुम वरून आलेला, रोमन सैन्याची छावणी. म्हणजे रोमन शब्द पूर्वेला गेला, अरबी झाला, आठव्या शतकात मूर लोकांबरोबर, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडच्या मुसलमानांबरोबर, समुद्र ओलांडून स्पेनमध्ये आला, स्पॅनिश झाला, मग स्वीडनच्या तीन पोरांच्या ग्रुपला लागला आणि तिथून फोंड्याला आजीच्या तोंडात अलका झाला. आमच्या पणजीतल्या आल्तिनोचा आल मात्र यातला नाही हां, तो पोर्तुगीज आल्तो म्हणजे उंच त्याच्यावरून, टेकडी म्हणून. पण आल्फांद, जकातीची कचेरी, तो अरबीच, अल-फुंदुक, व्यापाऱ्यांची धर्मशाळा.

आता सेव्हियाचा हा महाल मूर लोकांचा म्हणतात पण त्याचा जो सगळ्यात सुंदर भाग आहे तो मूर राजानं बांधलेलाच नाही. ख्रिश्चनांनी सेव्हिया घेतलं १२४८ साली. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी कास्तीय या स्पेनमधल्या ख्रिश्चन राज्याचा राजा पेद्रो यानं जुन्या महालाच्या जागेत १३६४ ला नवीन महाल काढला आणि तो हुबेहूब मूर पद्धतीचा काढला. कारागीर सेव्हियाचे, तोलेदोचे आणि ग्रानादाचे. ग्रानादात तेव्हा मूर सुलतान पाचवा मुहम्मद होता, त्याची गादी गेली होती तेव्हा पेद्रोनं त्याला ती परत मिळवायला मदत केलेली, दोघांची दोस्ती. महालाच्या दर्शनी भिंतीवर गॉथिक अक्षरात लिहिलंय की या थोर राजा दॉन पेद्रोनं हे अल्काझार बांधवले, आणि त्याच चौकटीत मध्ये निळ्या-पांढऱ्या टाईल्सवर अरबी कुफी लिपीत आठ वेळा लिहिलंय, अल्लाहशिवाय विजेता कोणी नाही. ते ग्रानादाच्या सुलतानांचं ब्रीदवाक्य. ख्रिश्चन राजाच्या दारावर. आत भिंतींवर त्याला अरबीत सुलतान दॉन पेद्रो पण म्हटलंय. मी हे वाचलं आणि त्या रात्री झोप लवकर आली नाही मला, खरंच. जिंकलेला माणूस हरलेल्याच्या भाषेत आपलं नाव लिहून घेतो कारण त्याला त्याहून सुंदर काही माहीतच नाही.

आणि त्या महालात जे खांबांचे मथळे बसवलेत त्यातले काही त्याच्याही चारशे वर्षं आधीचे, खलिफाच्या काळातले, कुठल्यातरी मोडलेल्या इमारतीतून आणलेले. कोर्दोबाजवळ तिसऱ्या अब्द अल-रहमान खलिफानं ९३६ च्या सुमाराला मदीना अझ-झहरा नावाचं अख्खं महालांचं शहर काढलेलं, आणि ते १०१० मध्ये आपसातल्याच यादवीत लुटलं, जाळलं गेलं. शंभर वर्षं पण टिकलं नाही. नंतर लोक तिथून शतकानुशतकं दगड उचलून नेत राहिले. मातीखालून परत वर काढायला १९११ साली सुरुवात झाली. म्हणून मी म्हणतो, सॅम्पल. जुन्या गाण्यातली गिटार नवीन गाण्यात बसते तसा जुन्या महालाचा खांब नवीन महालात बसतो, आणि ज्याच्या कानाला कळतं त्याला कळतं की हा सूर आधीचा आहे.

टाईल्सबद्दल थोडं लिहितो, हा माझा धंदा. अरबीत झुलैज म्हणजे घासून गुळगुळीत केलेला छोटा दगड, त्यावरून पोर्तुगीज आझुलेजो. मूर कारागीर टाईल जशीच्या तशी लावत नसत. आधी एकाच रंगाच्या चकचकीत टाईल्स भाजायच्या, मग त्या छिन्नीसारख्या हातोडीनं टोचून टोचून त्यातून तारा, पाकळी, सुरीसारखा लांब तुकडा असे आकार काढायचे आणि मग ते एकमेकांत बसवायचे. मोरोक्कोत आजही हे काम चालतं, तुकडे पालथे मांडतात, रंगाची बाजू जमिनीकडे, आणि मागून मसाला ओततात, म्हणजे कारागिराला नक्षी दिसतच नसते, सगळं डोक्यात. आम्ही मशीनवर कट मारतो तरी चौरस टाईलचा कोपरा उडतो. आणि त्या भिंतींत स्पेसर नाही, सांधा जवळजवळ नाहीच, तुकडाच तुकड्याला धरून आहे. मी फोटो मोठा करून करून बघितला. आमच्याकडे बिहारचा एक मिस्त्री आहे, वीस वर्षांचा अनुभव, त्याला दाखवलं तर तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, शेठ, हे हातानं केलंय?

ग्रानादाचा अलहम्ब्रा तर सगळ्यांना माहीत असतो, अल-हम्रा, लाल. पेद्रोचा दोस्त पाचवा मुहम्मद, त्यानंच तिथला सिंहांचा चौक बांधला, मध्ये बारा संगमरवरी सिंह पाठीवर कारंज्याचं भांडं घेऊन उभे, भांड्याच्या काठावर इब्न झम्रक या कवीची कविता कोरलेली, त्यात तो म्हणतो की पाणी आणि संगमरवर इतके एकसारखे दिसतात की वाहतंय कोण हे कळत नाही. राजवाड्याला पाणी द्यायला दार्रो नदीतून पाट काढून डोंगराच्या कडेकडेनं आणलेला. हे वाचताना मला आमच्या केरी-सावयवेऱ्याच्या कुळागरातले पाट आठवले, माडापोफळीच्या मुळाशी पाणी कसं हळू सोडायचं हे जाणणारी माणसं तिथं पण होती आणि इथं पण. २ जानेवारी १४९२ ला ग्रानादा पडलं. शेवटचा सुलतान बोआब्दिल किल्ल्या देऊन गेला.

इथून पुढे गोवा जवळ येतो.

पोर्तुगालचा राजा पहिला मानुएल १४९८ मध्ये स्पेनला गेलेला आणि पुढे त्यानं सेव्हियातून टाईल्स मागवून सिंत्राच्या आपल्या महालाला लावल्या, त्या आजही तिथं आहेत. हा मानुएल म्हणजे तोच, ज्याच्या राज्यात २५ नोव्हेंबर १५१० ला आफोन्सो द अल्बुकर्कनं आदिलशहाकडून गोवा घेतला. आणि त्याचीच मुलगी इझाबेल, तिचं लग्न सम्राट पाचव्या चार्ल्सशी १५२६ मध्ये लागलं ते सेव्हियाच्या अल्काझारमध्येच. पोर्तुगीज लोक मूर हा शब्द मोरोक्कोच्या माणसाला वापरायचे तोच आमच्या इथल्या मुसलमानांना पण वापरायचे, त्यांना सगळे एकच. आणखी एक, मोरोक्कोत अल-कस्र अल-कबीर म्हणून गाव आहे, मोठा अल्काझार, पोर्तुगीजांचं आल्कासेर-किबीर. तिथं ४ ऑगस्ट १५७८ ला तरुण राजा सेबास्तियांव लढाईत मेला, त्याला मूलबाळ नव्हतं, दोन वर्षांत पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली आणि १५८० पासून १६४० पर्यंत, साठ वर्षं, गोव्यावर पण स्पेनचेच राजे. हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. शाळेत अल्बुकर्क झाला की एकदम १९६१.

स्वीडन आणि मूर यांचा कधी संबंध आला का हे पण मी बघितलं, कारण डोक्यात ते गाणं चालूच होतं. ८४४ साली उत्तरेचे दर्यावर्दी ग्वादाल्किविर नदीतून वर आले आणि सेव्हिया लुटलं, त्यानंतर अमीरानं शहराला तटबंदी घालायला लावली. ते स्वीडनचेच असं मी म्हणणार नाही, स्वीडनकडचे लोक जास्त करून पूर्वेला रशियाच्या नद्यांतून जायचे. तिथून अरबी चांदी घेऊन यायचे. १९९९ मध्ये स्वीडनच्या गॉटलंड बेटावर एका शेतात ६७ किलो चांदी सापडली, चौदा हजारांवर नाणी, बहुतेक सगळी अरबी. आणि पोर्तुगालच्या दक्षिणेला आल्गार्व्ह, अल-गर्ब म्हणजे पश्चिम, तिथं एक दंतकथा सांगतात. मूर राजानं उत्तरेकडच्या राजकन्येशी लग्न केलं, ती बर्फाच्या आठवणीनं झुरायला लागली, काही केल्या बरी होईना, तेव्हा राजानं महालाभोवती जिथवर नजर जाईल तिथवर बदामाची झाडं लावली, आणि बहर आला त्या दिवशी तिला खिडकीत नेलं, सगळीकडे पांढरं. ती बरी झाली. आजीला ही गोष्ट सांगायला हवी होती. ती २०११ लाच गेली.

मी सेव्हियाला गेलेलो नाही. मावसभाऊ लिस्बनला असतो, तो गेल्या वर्षी जाऊन आला आणि मला चारशे फोटो पाठवले, त्यातले निम्मे फक्त भिंतींचे, मी सांगितलेलं तसं. मी आपला पणजीला गेलो. मांडवीच्या काठी मिनेझिस ब्रागांझा संस्थेची इमारत आहे, तिच्या आत शिरल्या शिरल्या भिंतींवर आझुलेजोंची मोठी चित्रं, १९३५ सालची, काम्योंइश या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातले प्रसंग. वास्को द गामा, जहाजं, समुद्र. काढणारा झोर्झ कोलासो. आणि हा कोलासो जन्मला कुठं तर मोरोक्कोत, तांजीरला. म्हणजे मूर लोकांची कला, मूर लोकांच्या देशात जन्मलेल्या पोर्तुगीज माणसानं आमच्या पणजीसाठी केली. मी वहीचं पान आडवं धरून सांधे बघितले. चित्र एवढं मोठं, चौकोन चौकोन जोडून केलेलं, आणि एका माणसाच्या दंडावरची निळी रेघ एका टाईलवरून दुसरीवर जाते तिथं केसाएवढीही सरकलेली नाही. भट्टीत टाईल थोडी तरी आवळते, हे ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल मी काय म्हणतोय. पहारेकऱ्यानं विचारलं, काय हवंय? म्हटलं, काही नाही, बघतोय. त्यानं खुर्ची दिली मला.

पणजीतला आदिलशहाचा महाल तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच आहे, जुनं सचिवालय, युसूफ आदिलशहानं बांधलेला, १७५९ पासून व्हाइसरॉय तिथं राहायला लागले, मुक्तीनंतर २००० पर्यंत विधानसभा तिथंच. पण त्याचा मोठा महाल होता जुन्या गोव्यात. पोर्तुगीजांनी जिंकल्यावर पेद्रोसारखंच केलं, पाडला नाही, त्यातच राहिले, त्यांचे गव्हर्नर १५५४ पासून १६९५ पर्यंत तिथंच. मग शहरात रोगराई वाढली, लोक सोडून जायला लागले, महाल ओसाड झाला आणि १८२० मध्ये तो उतरवून त्याचे दगड पणजीला बांधकामाला नेले. उरलंय फक्त एक दार. आपण सगळे से कॅथेड्रल बघतो, बॉम जेझू बघतो, सेंट कॅजेटनकडे जाताना वाटेत ते दार लागतं आणि आपण पुढे जातो. मी पण किती वेळा गेलो असेन, टाईल्सची डिलिव्हरी घेऊन, टेम्पोतून.

या वेळी थांबलो. चार-पाच पायऱ्या, दोन काळ्या दगडाचे खांब, वर आडवा दगड, बाजूला दगडाच्याच जाळीचे तुकडे. मागे काही नाही, गवत, माड, आकाश. खांबांवरचं कोरीव काम बघितलं तर ते मला कमानीच्या, आदिलशाही वळणाचं वाटलं नाही, ते आमच्या देवळांच्या जुन्या दगडांच्या घडणीचं वाटलं, थर थर काढलेले, कडा अजून धारदार. म्हणजे या महालाच्या दारात पण आधीचा सूर आहेच. बोट फिरवलं. दुपारची वेळ, दगड तापलेला, आणि एका खाचेत मुंग्यांनी माती आणून भरलेली, ग्राउट भरल्यासारखी सरळ. एक फॅमिली आली, पुण्याची असावी, मुलानं विचारलं बाबा हे काय आहे, बाबा म्हणाले काही नाही, गेट आहे. मला राहवलं नाही, मी त्यांना सांगायला लागलो, वीस मिनिटं तरी बोललो असेन, सेव्हिया, ग्रानादा, टाईल्स, सगळं. मुलगा पायरीवर बसून ऐकत होता. गाणं पण लावून दाखवलं मोबाईलवर.

संध्याकाळी दादाला दाराचा फोटो पाठवला. दादाचा साउंड आता मोठा आहे, चार टेम्पो भरतात, तो कुठल्यातरी लग्नात होता, मागून आवाज येत होता. त्यानं फोन करून विचारलं, हें कोणाचें दार रे?

म्हटलं, अलकाचें.

दोन सेकंद काही बोलला नाही. मग म्हणाला थांब, आणि फोन बॉक्सजवळ नेऊन धरला.